गाडीचं तेल-पाणी आणि आईची अट

आप्पा, तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्समधलं तेल मी बदललं, आणि रेडिएटरमधलं पाणी काढून त्यात कूलंट भरलं. तुम्ही असतात तर यातलं एकही होऊ दिलं नसतंत. चालत्या गोष्टीला हात लावायचा नाही हा तुमचा कायदा होता, आणि तो तुम्ही गाडीलाच काय, घरातल्या पंख्याला, आईच्या शिलाई मशीनला आणि माझ्या सासरच्या कुरबुरींनाही लावलात. परवानगी मागायला लिहीत नाही, काम होऊन गेलंय. पण ज्या माणसाचा शब्द घरात कुणी कधी खोडला नाही, त्याचा शब्द खोडल्यावर त्याला निदान कळवावं असं मनात येत राहिलं. दुपारची वेळ आहे, मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नाही, म्हणून काउंटरवर बसून लिहिते आहे.

तुम्ही गेल्यावर आई लातूरच्या घरात एकटी राहिली. काही वर्षं तिनं निभावलं. आता गुडघे साथ देत नाहीत, मोतीबिंदू काढूनही संध्याकाळी नजर धूसर होते, आणि मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात पडली तेव्हा शेजारच्या काकूंना आवाज जाईपर्यंत तिथंच बसून होती. धाकटा पुण्याहून आला आणि म्हणाला, चल माझ्याकडं, लिफ्ट आहे, सगळी सोय आहे. मी नांदेडहून गेले आणि म्हणाले, चल माझ्याकडं, खालीच घर आहे, अंगण आहे, बोलायला माणसं आहेत. आईनं दोघांचं ऐकून घेतलं. पुण्यात ती गप्प होऊन जाते हे मला माहीत होतं. मागे महिनाभर राहिली तेव्हा फोनवर नुसतं "बरं हाय" म्हणायची, आणि आपली आई एवढ्यावर कधी थांबत नाही. पण माझ्याकडं येणं तिला पुण्यापेक्षा अवघड होतं. लेकीच्या घरी चार दिवस जाता येतं, राहायला जाता येत नाही. तुमच्या आईनं तर लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, हे आमच्या आईनं पाहिलेलं आहे. काळ बदलला वगैरे मी खूप बोलले. ती शेंगा सोलत राहिली आणि शेवटी म्हणाली, "येते तुझ्याकडं. पण आपल्या गाडीनं येईन. भाड्याच्या गाडीत न्हाई, अन् जावयाच्या गाडीत तर मुळीच न्हाई. लेकीच्या दारात ऱ्हायला जायचं म्हणल्यावर बाईनं आपल्या गाडीतून उतरावं. न्हाईतर सामान उतरवल्यासारखं व्हतंय." मी विचारलं, "ती गाडी चाकूरपर्यंत तरी जाईल का, आई?" ती म्हणाली, "न्हाई गेली तर पुण्याला जाते. लेकाचं घर हाय, तिथं कशातबी गेलं तर चालतंय."

तर अशी अट होती. गाडी नांदेडपर्यंत आली तर आई माझी, नाही आली तर पुण्याची. धाकट्याला हे ऐकून बरंच वाटलं असावं, कारण त्याच्या लेखी ती गाडी केव्हाच भंगारात गेलेली होती. तुम्ही असताना एकदा पासिंग वाढवून घेतलं होतंत, ती मुदतही संपत आली होती. आई दर रविवारी शेजारच्या काकांकडून ती चालू करवून घ्यायची, गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणवायची, आणि पुन्हा वर चादर घालायची. ताडपत्री नाही, चादर. तीसुद्धा धुतलेली.

ती गाडी तुम्ही हैदराबादेहून आणली तो दिवस मला चांगला आठवतो. डावा पाय लहानपणापासून अशक्त, म्हणून क्लच नसलेली गाडी पाहिजे, आणि तसली गाडी तेव्हा लातुरात कुणी पाहिलेली नाही. एका अधिकाऱ्यानं वापरलेली, पण झकपक. गल्लीतली माणसं वाकून वाकून क्लच शोधताहेत. "साहेब, ही गाडी हाय का रिक्षा?" असं कुणीतरी म्हणतं आणि तुम्ही हसत नाही. मला मात्र तुम्ही स्वतः शिकवलीत. निलंग्याच्या रस्त्याला, दोन्ही बाजूंना ऊस, तुम्ही शेजारी काठी मांडीवर घेऊन बसलेले. "डाव्या पायाला रजा दे," तुम्ही म्हणता. "सगळं उजव्यानं करायचं. अन् घाबरून दोन्ही पाय एकदम मारू नको." मी गाडी शिकले तेव्हा मामा म्हणाला, गिअर न टाकता चालवली ती काय गाडी चालवली. तुम्ही त्याला एवढंच म्हणालात, "तुझ्यापेक्षा सरळ चालवती." आयुष्यात तुम्ही मला दिलेलं तेच मोठं बक्षीस. बाकी तुमच्याकडून कौतुक निघणं म्हणजे एप्रिलमध्ये नळाला पाणी येणं.

हिवाळ्यात मी लातूरला जाऊन बॉनेट उघडलं. गिअरबॉक्सची तेल बघायची पट्टी बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर टेकवली. ते तेल मुळात कोकम सरबतासारखं लाल असतं. फडक्यावर डाग पडला तो चहाच्या चोथ्याचा, आणि वास करपलेल्या फोडणीचा. तुम्ही ती गाडी घेतल्यापासून ते तेल बदललेलं नव्हतं. गिअरबॉक्सचं तेल गाडीच्या जन्माचं असतं, असं तुम्हाला हैदराबादेत कुणीतरी सांगितलं होतं आणि तुम्ही ते मनावर घेतलंत. आप्पा, मी औषधं विकते. जन्मभर पुरणारी एकही बाटली माझ्या दुकानात अजून आलेली नाही.

मग मी नांदेडला परतून तेल शोधायला लागले. माझ्या दुकानात रोज कुणीतरी येतं आणि म्हणतं, ती लाल गोळी द्या. कशाची लाल? बीपीची लाल, का रक्तवाढीची लाल? रंग बघून औषध घ्यायचं नसतं, हे सांगण्यात माझा निम्मा जन्म गेला. आणि आता मी ऑइलच्या दुकानात उभी, आणि काउंटरपलीकडचा माणूस मला विचारतोय, "लाल पायजे का हिरवं, मॅडम?" एकानं साध्या गाडीचं जाड गिअर ऑइल पुढं केलं. ते तुमच्या गाडीत म्हणजे दमेकऱ्याच्या नाकात कापूस. दुसऱ्यानं सगळ्या गाड्यांना चालतं म्हणून एक डबा दिला. मी डब्यामागचा बारीक मजकूर वाचला, तो वाचणं हा माझा धंदाच आहे. सगळ्या गाड्यांची यादी होती, तुमच्या गाडीचा गिअरबॉक्स सांगतो तो प्रकार मात्र नव्हता. तिसऱ्याकडं होतं ते आजकालच्या पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं. नाव जवळजवळ तेच, काम वेगळं. "घाला ओ, काय व्हत न्हाई," तो म्हणाला. काय होत नाही म्हणणाऱ्या माणसाला काय झालेलं बघावं लागत नाही, ते दुसऱ्याला बघावं लागतं. मी तिन्ही दुकानांतून रिकाम्या हातानं निघाले. गाडीच्या पुस्तकात ज्या तेलाचं नाव होतं ते कंपनीनं बनवायचं बंद केलेलं निघालं. मग हैदराबादच्या सुट्या भागांच्या डेपोला फोन. तिथल्या बाईनं सांगितलं, त्या तेलाच्या जागी आता नवा नंबर आलाय, तो जुन्या गिअरबॉक्सनाही चालतो. मी म्हणाले, हे कंपनीच्या कागदावर असेल तर तो कागद मला पाठवा. तिनं वैतागून पाठवला. मी तो नीट वाचला आणि मगच पैसे भरले. नवरा म्हणाला, एवढी चौकशी तर तू माझ्या स्थळाची केली नव्हतीस. मी म्हणाले, ती आप्पांनी केली होती, म्हणून तर.

लातूरला नांदेड रोडवरचे मिस्त्री तुम्हाला आठवत असतील. तुमच्या गाडीचं बॉनेट तुम्ही फक्त त्यांनाच उघडू देत होतात, तेही तुम्ही शेजारी उभं राहून. मी तेल दाखवलं, तर ते डोकं खाजवायला लागले. "ताई, साहेबांची गाडी हाय म्हणून सांगून राहिलो. जुनं तेल ऱ्हाऊ द्या. नवीन घातलं की आतला मळ सुटतोय अन् गिअर धरत न्हाई. लई गाड्या बसल्यात अशा." मी विचारलं, "अन् न बदलता किती दिवस चालेल?" "ते कसं सांगता येईल." "मग न बदलायचीबी गॅरंटी न्हाईच की." ते हसले आणि म्हणाले, "साहेबांची लेक खरी." पण त्यांची भीती खोटी नव्हती. तेल घेतल्यापासून मला तीच भीती होती. गिअरबॉक्स बसला तर त्याचे भाग आता कुठं मिळणार नव्हते, आणि गाडीबरोबर आईही गेली असती. शेवटी आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मशीन लावून सगळं धुऊन काढायचं नाही. बूच खोलायचं, आपसूक जेवढं खाली येईल तेवढंच काढायचं, मोजून तेवढंच नवं घालायचं, गाडी थोडी चालवायची, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. जुन्या पेशंटची गोळी एकदम बदलत नाहीत, हळूहळू बदलतात. मला हे पटलं आणि मिस्त्रींनाही पटलं. बदलायचं हे मात्र मी सोडलं नाही.

आता रेडिएटरचं सांगते, आणि त्याच्या आधी त्या उन्हाळ्याचं सांगावं लागेल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा. मी लेकीला घेऊन माहेरी आलेली. स्वयंपाकघरात आई एका पातेल्यात भाजी धुते, ते पाणी दुसऱ्या पातेल्यात, त्यात भांडी विसळते, ते बादलीत, बादली संडासात. बाहेर गल्लीत टँकरसाठी घागरींची रांग, माणसं सावलीला आणि घागरी उन्हात. मला निलंग्याला जायचंय, गाडी तापलेली, म्हणून मी माठातून तांब्या भरून घेते आणि बॉनेट उघडून ओतायला लागते. तुम्ही काठी टेकत बाहेर येता. तुमचा आवाज चढत नाही, तसा तो कधीच चढला नाही, पण गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू जातो. "लोकं घागरी घेऊन उभी हायेत, अन् तू माठातलं पाणी गाडीला पाजून राहिलीस? जरा लाज वाटू दे." तुम्ही तांब्या माझ्या हातातून घेता आणि उरलेलं पाणी परत माठात नेऊन ओतता. मी एका मुलीची आई झालेली बाई, आणि रांगेतल्या बायका माझ्याकडं बघताहेत. मी तशीच एसटी स्टँडवर गेले आणि बसनं निलंग्याला पोचले. मला त्या दिवशी राग आला होता आणि खरं सांगायचं तर आजही येतो. गाडीला पाणी लागतं, त्यात गाडीचा काय दोष?

चैत्रातल्या एका सकाळी मिस्त्रींकडं गाडी लावली. आई म्हणाली, मी येणार. गॅरेजमध्ये तिला लिंबाखाली खुर्ची दिली आणि ती तिथं पदर सावरून बसली, तुम्ही उभे राहायचा त्याच जागी. मिस्त्रींनी रेडिएटरचं खालचं बूच सोडलं. काही आलंच नाही. तार घालून हलवल्यावर जे आलं ते पाणी नव्हतं. आंबून गेलेल्या पेजेसारखं काहीतरी, गंजानं तांबडं, घट्ट, आणि गॅरेजभर वास. मिस्त्री मागं सरकले. "हे काय घातलंय, ताई? रेडिएटर हाय का खरकट्याची बादली?" मी म्हणाले, मला काय माहीत, त्या तांब्यानंतर मी कधी हात लावला नाही. तेव्हा मागून आई बोलली. "धुवण हाय ते. तांदळाचं, डाळीचं. त्या उन्हाळ्यापासनं तुझे आप्पा पंच्यातून गाळून ठिवायचे अन् गाडीला तेच घालायचे. चांगलं पाणी घालायला मन धजत न्हाई म्हणायचे. पुढं नळ आला तरी सवय सुटली न्हाई." मी विचारलं, "तू मला कामून सांगितलं न्हाई?" आई म्हणाली, "सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. अन् त्यांना आधीच लाज व्हती. सगळी नोकरी पाटबंधाऱ्यात काढली अन् गल्लीला प्यायला पाणी न्हाई. टँकर आला की हे घरात जाऊन बसायचे. लोकं काही म्हणत नव्हती, तरीबी."

आधी मला हसू आलं. मग मी गाडीच्या पलीकडं जाऊन उभी राहिले, कारण मिस्त्रींसमोर रडायचं नव्हतं. टँकर आला की तुम्ही आत जाता, हे मी किती वेळा पाहिलं होतं. मला वाटायचं, तुम्हाला गोंगाट सहन होत नाही. आप्पा, तुम्ही कालवे बांधलेत, पाऊस पाडणारे तुम्ही नव्हतात. धरण आटलं तो तुमचा गुन्हा नव्हता. हे तुम्हाला कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं, आणि घरात तोंडावर बोलणारी मी एकटीच होते, पण मला ते ठाऊकच नव्हतं. माझ्या दुकानात एक बाई येते, नवऱ्याला गोळी पुरी देते आणि स्वतः अर्धी घेते. माणूस म्हणून ती मोठी आहे, आणि साखर तिची वाढतेच. तुमचंही तसंच झालं. त्या रांगेपुढं तुम्ही बरोबर होतात आणि रेडिएटरपुढं साफ चुकलात, आणि तुमची बरोबर असलेली बाजू धुऊन काढायला मला अर्धा दिवस लागला.

कारण धुवायला पाणी लागतं. मिस्त्रींच्या बोअरचं पाणी बादल्या भरभरून आम्ही त्यातून काढलं, वरून ओतायचं, इंजिन चालू करायचं, खालून सोडायचं, पुन्हा ओतायचं. प्रत्येक बादलीला मला तुमची काठी ऐकू येत होती. तरी मी थांबले नाही. खालून स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही असं मी ठरवलं होतं, आणि ठरवलेलं पार पाडायचं हे मी तुमच्याकडूनच घेतलंय. मधेच पाहते तर आईनं गाडीखाली घमेलं सरकवलेलं. "वाया कामून घालवायचं? घरी झाडाला घालू." तिला समजावून सांगावं लागलं, की यात कधीकाळचं कूलंटही आहे, ते विष असतं, वर गोड लागतं, जनावरानं तोंड लावलं तर मरेल. मिस्त्रींनी ते एका पिंपात वेगळं भरलं. आई पिंपाकडं बघत राहिली. एवढं पाणी आणि कुणाच्याच कामाचं नाही, हे तिच्या काही पचनी पडेना.

कूलंटच्या बाबतीतही तीच रंगाची गंमत. हिरवं जुनं, लाल नवं, निळं परदेशी, असं दुकानदार ठोकून देतात. प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीनं रंग घालते, रंगावर जायचंच नाही. तुमच्या गाडीचा रेडिएटर जुन्या धातूचा, आतली रबरं जुनी, म्हणून पुस्तकात सांगितलेला जुन्या पद्धतीचाच प्रकार मी घेतला. जास्त वर्षं टिकणारं नवं घेतलं नाही, आणि दोन प्रकार एकत्र तर मुळीच नाही, त्याची खळ होते. खळ तर आम्ही नुकतीच काढली होती. ते अर्धं आणि बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर अर्धं. बोअरच्या पाण्यानं तोट्या कशा पांढऱ्या होतात हे लातूरच्या माणसाला सांगायला नको. तेच आत होत असतं, फक्त दिसत नाही.

दुपारी गिअरबॉक्स. तेल काळं निघालं, पण तळाच्या चुंबकावर राखेसारखा नुसता मऊ लेप होता. मिस्त्रींनी तो बोटांत चोळून बघितला. "तुकडे न्हाईत. जीव हाय हिच्यात." नवं तेल मोजून घातलं, इंजिन तापवलं, दांडी एकेका गिअरमधून फिरवली, पट्टी बघितली. मग मी दांडी पुढं टाकली आणि ब्रेकवरून पाय काढला. गाडी हलली नाही. मी बसून राहिले. मिस्त्री वाकून गाडीखाली बघायला लागले. मग कुठूनतरी एक हलका धक्का बसला आणि गाडी निघाली. मी बार्शी रोडच्या वळणापर्यंत जाऊन आले. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेल काढलं आणि घातलं, त्या खेपेला तिनं दांडी टाकल्या टाकल्या गिअर धरला.

निघायच्या दिवशी धाकटा पुण्याहून आपली गाडी घेऊन हजर. त्यानं ठरवून टाकलं होतं, तो आमच्या मागं येणार, तुमची गाडी बंद पडली की आई त्याच्या गाडीत बसणार आणि तिथूनच पुणं. आई "बरं" म्हणाली. तिनं सोबत लातूरच्या पाण्याचा एक कॅन घेतला. पहिल्या दिवशी तरी लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, एवढं तिनं आजीचं राखलं. चाकूर गेलं. इंजिनच्या तापमानाचा काटा निम्म्यावर होता. अहमदपूरच्या अलीकडं चढावर तो वर सरकला. मी एसी बंद केला, तरी सरकला. मी गाडी बाभळीखाली घेतली. धाकटा उतरून आला, घड्याळाकडं बघत, आणि म्हणाला, "झालं ना? चल, आई." आई जागची हलली नाही. "बंद कुठं पडलीय? गरम झालीय. गरम तर तुझे आप्पाबी व्हायचे." मी इंजिन निवू दिलं, टोपण फडक्यानं हळूच सोडलं. पातळी खाली गेलेली. आत अडकलेली हवा बाहेर निघाली होती, नव्यानं भरलं की असं होतं, मिस्त्रींनी सांगितलं होतं आणि मी मिसळून ठेवलेलं कूलंट डिकीत आणलं होतं. तेवढ्यात आईनं खिडकीतून आपला कॅन पुढं केला. "हे घे की. चांगलं हाय." मी म्हणाले, "न्हाई आई, ते तू पी. गाडीला गाडीचंच." आणि माझं मीच भरलं. धाकटा बघत होता. मी त्याला म्हणाले, "तू पुढं हो, चहा सांग. आम्ही येतो." आम्ही गेलो. काटा निम्म्यावर आला आणि लोहा ओलांडून नांदेडपर्यंत तिथंच राहिला.

माझ्या दारात तुमचे जावई गाडीचं दार उघडायला धावले. आईनं हातानंच थांबवलं. स्वतः दार उघडलं, एक पाय खाली, मग दुसरा, मग गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली. अंगणात माझ्या शेजारणी होत्या, त्यांच्याकडं बघून पदर नीट केला आणि मग माझ्यापुढं हात केला. "किल्ली दे." मी दिली. ती तिनं बटव्यात टाकून कमरेला खोचली. "ऱ्हाते म्हणले म्हणजे ऱ्हाते. पण परत जावं वाटलं तर कुणाला मागायचं काम नगं." तेव्हापासून किल्ली तिच्याकडं आहे. तेल बघायचं असलं तरी मला तिच्याकडून मागून घ्यावी लागते, आणि ती विचारते, कुठं न्यायलीस.

धाकटा आता पाहुण्यारावळ्यांत सांगत फिरतो, ताईनं आप्पांची आठवण जपली. माणसं माझ्याकडं कौतुकानं बघतात आणि मी त्यांना खोडत नाही. पण तुम्हाला काय फसवायचं. आठवणीसाठी मी ते करपलेलं तेल हुंगत बसले नसते. तुमची आठवण मला गाडीशिवायही येते, नको तेव्हा येते. मला आई हवी होती, आप्पा. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांपुढं, आणि धाकट्याच्या घरात नाही. गाडी चालली नसती तर तिची अट मोडून मी तिला धरून आणली असती का, हे मी स्वतःला विचारून पाहिलंय, आणि उत्तर फारसं चांगलं नाही. म्हणून हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि तिला तर मुळीच नाही.